आसरांची ओंजळ

माझ्या लेकीचे दोन्ही पाय सरळ आहेत ते एका बाईमुळं. हे आधी सांगून टाकते, कारण पुढं ज्यांच्याविषयी लिहिणार आहे ती सगळी माणसं आपापला मान घ्यायला पुढं येतील, आणि मी मूळची भित्री. ऐन वेळी माझी जीभ टाळूला चिकटते. तर आमच्या घराच्या भिंतीला भिंत लागून लिंगायत वाण्याचं दुकान होतं. त्या वाण्याची बायको. अख्खं गाव तिला अक्का म्हणायचं, मीही म्हणायचे. तिचं माहेर कानडी मुलखातलं. मराठी बोलायची ती बाईमाणूस असून गड्यासारखं, ‘मी येतो, मी सांगतो’, आणि आमच्या घरातली माणसं तिच्या माघारी तिची नक्कल करून हसायची. हसणाऱ्यांतल्या निम्म्यांच्या पायांना त्या वेळी चिंध्या बांधलेल्या असायच्या.

चिंध्या कशाच्या ते सांगते.

मी तेरची. आमच्याकडं उन्हाळ्यात नदी आटली की वाळूत झिरा उकरायचा, आणि वाटी-वाटीनं घागर भरायची. हात मोडून यायचे, पण पाणी आरशासारखं. शाळा मी तिसरीपर्यंत शिकले, तिसरीही पुरी नाही. गुरुजींनी भागाकार शिकवायला घेतला त्याच आठवड्यात माझं लग्न ठरलं, म्हणून भागाकार मला आजही येत नाही. मोगलाईचे, म्हणजे निजामाच्या राज्याचे दिवस. मुलीला शाळेत धाडलं याचं लोकांना फार वाटलं होतं, तिला काढून घेतलं याचं कुणाला काहीच वाटलं नाही. बैलगाडीनं दोन मुक्काम करून मला नळदुर्गाच्या अलीकडच्या एका गावात आणून सोडलं. गावाचं नाव लिहीत नाही. तिथं आमची भावकी आहे, आणि ती वाचती नसली तरी कुणाकडून तरी वाचून घेईल अशी मला धास्ती आहे.

त्या गावाचा सगळा तोरा एका बारवेवर होता. खाली उतरत जाणाऱ्या दगडी पायऱ्यांची मोठी विहीर. माझ्या सासऱ्यांच्या आज्यानं ती बांधली असं सासरे सांगायचे; गावातली आणखी तीन घरं आपापल्या आज्याचं नाव सांगायची. पावसाळ्यात पाणी वरच्या पायऱ्यांपर्यंत असे. चैत्र-वैशाखात ते तळाला जाई, शेवाळी रंगाचं होई, आणि बायका गुडघाभर पाण्यात उतरून घागरी बुडवून भरत. आणि नेमक्या त्याच दिवसांत गावात नारू निघायचा.

ज्यांनी नारू पाहिला नाही त्यांचं नशीब. आधी घोट्यावर नाहीतर पोटरीवर एक फोड येतो. विस्तव ठेवल्यासारखी आग होते, अंगात ताप भरतो. मग फोड फुटतो आणि त्यातून पांढऱ्या दोऱ्यासारखा किडा डोकं काढतो. हात-दीड हात लांब. तो ओढायचा नाही. तुटला तर पाय सुजून पू होतो. कडब्याच्या काडीला त्याचं टोक गुंडाळायचं आणि रोज एक वेढा द्यायचा. असं महिना-महिना माणूस घोंगडीवर पडून. कुणाला एक, कुणाला तीन-तीन. ऐन मशागतीच्या दिवसांत निम्मं गाव काडीला वेढे देत बसलेलं.

आमचं गाव हातावर हात ठेवून बसलं होतं असं कुणी म्हणू नये. गावाकडं उपाय होता, आणि तो मोठा थंडगार उपाय होता. ज्याच्या पायाला नारू, त्यानं सकाळी बारवेत जाऊन पाण्यात पाय सोडून बसायचं. ‘पाणी नारूला ओढून घेतं.’ आग थांबायची, आणि खरंच, किडा जरा बाहेर यायचा. त्या बसण्यातही मानपान होता. पाटलाच्या घरचा पाय मधल्या पायरीवर, बाकीचे कडेला. चार-पाच माणसं ओळीनं पाय बुडवून बसलीत, बारव किती पुण्यवान यावर बोलतायत, आणि त्यांच्या पायांपासून हातभर अंतरावर बायका घागरी भरतायत, असं ते देखणं दृश्य मी सासरी आल्यावर पहिल्या उन्हाळ्यात पाहिलं. मी अकरा-बारा वर्षांची होते. मला ओकारी आली. तेव्हा बायकांनी माझ्या पोटाकडं पाहून आपसांत काहीतरी म्हटलं आणि हसल्या.

गावकुसाबाहेरच्या माणसांची सावलीसुद्धा त्या बारवेच्या पायरीला चालत नव्हती; पायरी बाटायची. नारूचा वाहता पाय बुडाला तर ती बाटत नव्हती. ती माणसं ओढ्यातल्या झिऱ्याचं पाणी प्यायची, आणि त्यांच्या वस्तीत चिंध्या बांधलेले पाय क्वचितच दिसायचे. हे सगळ्यांना दिसत होतं. असं का, असं कुणी एकमेकाला विचारलं नाही.

आमच्या घराला आरोग्याची काळजी नव्हती असंही नाही. उन्हाच्या झळा लागू नयेत म्हणून गड्यांच्या मुंडाशात कांदा असे. पाडव्याला कडुनिंब चावून खाल्ल्याशिवाय चूल पेटत नसे. पावसाळ्यात पोरांच्या टाळूवर तेल, थंडीत छातीला ओव्याचं पोटीस. काळजी उदंड होती. फक्त पाण्याच्या वाटेला ती कधी गेली नाही, कारण पाणी आज्यानं दिलेलं होतं.

थोरल्या जाऊबाईंचा मुलगा सहा वर्षांचा होता. त्याला गुडघ्याजवळ नारू झाला, कुणीतरी ओढला, तुटला, पाय पिकला आणि गुडघा वाकला तो वाकलाच. तो एका हातानं मांडी दाबत चालायचा. अंगणातून तो चालत गेला की जाऊबाई दुसरीकडं बघायच्या. मला लेक झाली त्या दिवसापासून मी मात्र त्याच्याकडंच बघत राहिले. माझी पोर रांगायला लागली, मग धरून उभी राहायला लागली, आणि मला तिच्या गुडघ्यांशिवाय काही दिसेना. ती आता पाणी मागत होती. कोणतं पाणी देणार होते मी?

अक्काकडं मी आपण होऊन गेले. हे लक्षात ठेवा. तिनं मला बोलावलं नव्हतं.

शेणकुटं मागायच्या निमित्तानं मी तिच्या परसात गेले, तेव्हा ती पाणी गाळत होती. हंड्याच्या तोंडावर जाड हातमागाचं फडकं, चार घड्या केलेलं, आणि घागर हळूहळू ओतत होती. त्यांच्यात रीतच होती ती. न गाळलेलं पाणी पूजेला नाही आणि पोटालाही नाही.

मी विचारलं, “अक्का, तुमच्यात कुणाला नारू झालाय का हो?”

“माझा लग्न होऊन वीस वर्षं झाला. एकदा पण नाही.” ती थांबली. माझ्या कडेवरच्या पोरीकडं बघून म्हणाली, “का ग तंगी? रडतो कशाला?”

तंगी म्हणजे धाकटी बहीण. त्या गावात मला तोवर ‘तेरची’ आणि ‘अगं ए’ याखेरीज नाव नव्हतं, त्यामुळं मी जास्तच रडले. मी म्हटलं, मला ते फडकं दाखवा, कसं धरायचं ते शिकवा, पाया पडते. तिनं शिकवलं. कापड जाड हवं, विरलेलं नको. घड्या चार. आणि गाळून झालं की फडकं परत बारवेत धुवायचं नाही, उन्हात तापल्या दगडावर टाकायचं. “माझी सासू सांगायची, आज पाणी पिलं की पुढच्या वर्षी पायातून निघतंय. म्हणून कोणाला खरं वाटत नाही. एवढा लांबचा हिशोब कोण ठेवतो?” आत जाऊन तिनं नवं फडकं आणलं आणि माझ्या हातात दिलं. काही वर्षांनी एका दवाखान्यातल्या माणसानं मला सांगितलं की नारूची पिलं पाण्यातल्या बारीक किड्यांच्या पोटात असतात, आणि ते किडे कापडात अडकतात. अक्काला किडे-बिडे काही माहीत नव्हतं. तिला घर माहीत होतं आणि घरातले पाय माहीत होते. तेवढं पुरलं.

मी तीन दिवस पाणी गाळलं. चौथ्या दिवशी सासूबाईंनी पाहिलं.

“हे काय गं?”

“पानी गाळतीय, आत्याबाई.”

“ते दिसतंय की. का?”

“नारू होऊ न्हाय म्हून.”

“आगं बया! तेरची म्हाराणी आली! तिला बारवेचं पानी चालंना. मंग गंगा आणून ठिवावी का तुझ्यासाठी दारात?”

ओसरीवर सासरे तंबाखू मळत होते. त्यांनी तळहात झटकला आणि माझ्याकडं न बघता खांबाला सांगितल्यासारखं बोलले, “माझ्या आज्याची बारव हाय ती. तिचं पानी गाळून प्यायचं म्हंजी आज्याच्या तोंडावर फडकं टाकायचं. आमी काय जंगम झालाव काय?”

जाऊबाई ज्वारी निवडत होत्या. त्या म्हणाल्या, “गाळू द्या की तिला. गाळ बाई गाळ. माझ्या लेकराच्या गुडघ्यातलं बी काय निघतंय का बघ गाळून.” त्या हसल्या नाहीत.

आमचे हे तिथंच होते, बैलाच्या गळ्यातला पट्टा शिवत. त्यांचं बोलणं बैलांशीच जास्त. त्यांनी पट्टा शिवला.

सासूबाईंनी फडकं ओढून चुलीत घातलं. मग विचारलं, “कुणी दिलं तुला हे? त्या वाणिणीनं?” आणि तशाच तरातरा जाऊन अक्काच्या दारापुढं उभ्या राहिल्या. मला हाताला धरून नेलं होतं. दुकानात चार गिऱ्हाइकं होती. सासूबाईंना गिऱ्हाइकं असलेलीच हवी होती.

“ए वाणीनबाई! तुमचं गाळायचं ते तुमच्या घरात गाळा. आमच्या सुनंला बाटवू नगा.”

“मी कुठं बाटवला?” अक्का म्हणाली. “पाण्याला कापड लावला. मंत्र नाही लावला.”

“तोंड वर करून बोलती आणि! आमचं पानी काय घाण हाय व्हय?” मग माझ्याकडं वळून, “खरं बोल गं. तू गेलतीस का तिनं बोलावलं?”

सगळे माझ्याकडं बघत होते. अक्काही बघत होती. मी म्हणाले, “त्यांनीच बोलवून दिलं.”

दुसऱ्यांना नावं ठेवायला मी बसले आहे, तेव्हा माझाही पाट तिथंच मांडते. ज्या बाईनं मला बहीण म्हटलं तिला मी चार माणसांत खोटं पाडलं, आणि तेही घरचे दोन घास सुखानं मिळावेत म्हणून. अक्काच्या तागडीत गूळ होता, तिनं तो तोलला.

तोवर पोरीला मी अंगावरच्या दुधावरच भागवलं. चैत्र लागला, पाणी तळाला गेलं. आणि आता आमच्या गावाचा सगळ्यात शहाणा रिवाज ऐका. बारवेच्या भिंतीत सात शेंदूर फासलेले दगड होते, साती आसरा, पाण्यातल्या देवी. चैत्रातल्या एका मंगळवारी त्यांची पूजा असे. दहीभात, लिंबू, हिरवा खण. आणि वर्ष पुरं झालेल्या प्रत्येक लेकराला त्या दिवशी आसरांची ओंजळ द्यायची. म्हणजे घरातल्या जाणत्या बाईनं पाण्यात उतरून तीन ओंजळी पाणी त्याच्या तोंडात घालायचं. कशासाठी? तर नारू होऊ नये म्हणून! नारूच्या दिवसांत, नारूचे पाय बुडवलेल्या पाण्यातून, सगळ्यात तळाचं पाणी, वर्षाच्या लेकराला, नारू होऊ नये म्हणून. ज्याच्या अंगात एकही नारू नव्हता त्याला तो गावानं वाजतगाजत पाजायचा, हळदकुंकू लावून. आणि वर्षानं तो निघाला की म्हणायचं, ओंजळ देताना घरातलं कुणीतरी आसरांना चुकलं असेल.

माझ्या लेकीला त्या चैत्रात वर्ष होत होतं.

दोन दिवस मला अन्न गेलं नाही. पोरीला घेऊन तेरला पळून जावं असंही मनात आलं, पण गाडी कोण जोडणार, आणि वडील दारात उभं करतील का, याचीही खात्री नव्हती. शेवटी सासूबाई लिंबं आणायला मळ्यात गेल्या तेव्हा मी परसातून अक्काकडं गेले. दारातच पाय थबकला.

ती पापड लाटत होती. वर न बघता म्हणाली, “आला का?”

“अक्का, म्या त्या दिवशी...”

“ते राहू दे. पोरीचा बोल.”

मी सगळं सांगितलं. ओंजळ नको म्हणायची सोय नव्हती. नको म्हटलं तर पोर हिसकावून घेऊन पाजतील आणि माझं फडकं चुलीत गेलं तशी मी माहेरी जाईन, पोरीशिवाय.

अक्कानं एक पापड पुरा लाटून उन्हात टाकला. मग म्हणाली, “हे लोक शहाणपण सांगितला तर ऐकत नाहीत. भीती सांगितला तर ऐकतात. तू नवा जाड लुगडा नेस. पदराच्या चार घड्या कर. आणि सांग, पहिलं पाणी उघड्यावर द्यायचं नसतंय, दृष्ट लागतंय. पदराआडून वाटीत घ्यायचं, वाटीतून पाजायचं. पाणी बारवेचंच. आसराचंच. कोण काय म्हणणार?”

“आत्याबाई ऐकतील?”

“तुझी सासू?” अक्का पहिल्यांदा हसली. “दृष्टीला तुझी सासू वाघापेक्षा जास्त भितो.”

मंगळवारी सकाळी सगळ्या बायका बारवेत उतरल्या. पाय सोडून बसलेल्या तिघा गड्यांना आसरांच्या मानासाठी तेवढ्यापुरतं वर बसवलं होतं; त्यांच्या पायांच्या ओल्या खुणा पायरीवर तशाच होत्या. पूजा झाली. पहिला मान आमच्या घराचा, कारण आज्या आमचा. सासूबाई गुडघाभर पाण्यात उतरल्या, पोरीला जाऊबाईंनी कडेवर धरलेलं. सासूबाईंनी ओंजळ भरली. हिरवट पाणी बोटांतून गळत होतं आणि माझी पोर, खुळी, तिकडं तोंड करून हसत होती.

“आत्याबाई, थांबा.”

माझाच आवाज मला ओळखू आला नाही. तिथवरच्या सगळ्या वर्षांत मी त्यांना थांबा म्हटलेलं नव्हतं.

“काय झालं?”

“पैलं पानी उघडं देऊ नगा. दृष्ट लागती.” मी पदराच्या घड्या पुढं केल्या. पदराखाली वाटी धरली. “आमच्या तेरला पदराआडून वाटीत घेत्यात, मंग पाजत्यात. हितं एवढ्या बायका, कुणाची नजर कशी...”

सगळ्या बायका एकमेकींकडं बघू लागल्या. प्रत्येकीला वाटलं, ही आपल्याच नजरेविषयी बोलतेय. सासूबाईंच्या ओंजळीतलं पाणी गळून गेलं होतं. तेरच्या सुनेची रीत ऐकायची म्हणजे मान खाली. न ऐकावी तर नात दृष्टीला उघडी पडते. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते. आधी तिथं राग आला, मग धास्ती आली, आणि मग, देवा, किती सुंदर, तिथं मोठेपणा आला.

“तुला कोन सांगायला पायजे?” त्या म्हणाल्या. “आमच्या माहेरात बी पदराआडूनच देत्यात. म्या इसरले हुते घाईत. धर नीट, चार घड्या कर.”

“केल्यात.”

त्यांनी तांब्या बुडवला, पदरावर ओतला. पाणी थेंबथेंब वाटीत उतरलं. पदरावर बारीक काळसर ठिपके राहिले. मी एकटीनंच पाहिले. तीन वेळा घेतलं, तीन वेळा पोर प्यायली, आणि तिला ठसका लागला तेव्हा सगळ्या बायका खूश झाल्या.

मागं उभी असलेली सुताराची सून पुढं आली. “मंग आमचं लेकरू काय उघड्यावर पडलंय व्हय? थांबा, म्या बी पदर धरते.” झालं. त्या दिवशी सात लेकरांना ओंजळ दिली आणि सातही पदराआडून. एका बाईचा पदर विरलेला होता, तर सासूबाईंनी तिला खडसावलं, “नजर शिरंल की गं त्यातनं! जाड धर, जाड!” मी खाली मान घालून पायऱ्या चढले. हसू लपवायला तेव्हा दुसरी जागा नव्हती.

त्या दिवसापासून आमच्या घरात एक नवा कायदा सुरू झाला. पोरांचं पाणी दृष्टीला उघडं पडू नये म्हणून माठाच्या तोंडावर चार घड्यांचं कापड, आणि भरायचं ते त्या कापडातूनच. सासूबाई स्वतः उभ्या राहून पाहायच्या. जाऊबाईंनी आपलं एक जुनं पण घट्ट लुगडं फाडून त्याची फडकी केली. बायकाही त्याच माठाचं प्यायल्या. पुरुषांची गोष्ट वेगळी. ‘गड्याला कसली आलीय दृष्ट?’ सासरे रोज सकाळी बारवेवर जाऊन हातानं पाणी प्यायचे आणि मिशा पुसत वर यायचे. आज्याचा नातू शोभायचे.

पण अक्कानं सांगितलं होतं, वर्ष लागतं. ते वर्ष मी कसं काढलं ते मलाच ठाऊक. दिवेलागणीला पोरीला मांडीवर घेऊन तिचे पाय चाचपायचे. डास चावला की जीव खाली-वर. एकदा घोट्यावर पाणी भरलेला फोड दिसला. मी तशीच, पदराचं भान न ठेवता, अक्काच्या परसात. अक्कानं पोरीचा पाय उजेडात धरला, दाबला, विचारलं, “दुपारी कुठं गेला होता ही?”

“दगडावर खेळत हुती.”

“मग चटका आहे. तूप लाव.” मग माझ्याकडं पाहून म्हणाली, “तू पाणी पी आधी. तोंड बघ कसा झाला.”

दुसरा चैत्र आला. वैशाख आला. गावात चिंध्या बांधल्या गेल्या. सासऱ्यांना दोन नारू, घोट्यावर एक, टाचेवर एक. आमच्या ह्यांना पोटरीवर एक. शेतात काम करताना ते कुठलंही पाणी प्यायचे. पदरवाल्या सातही लेकरांचे पाय मी लांबून-जवळून पाहून घेत होते. सातांत फक्त एकीला निघाला, विरलेल्या पदरवालीच्या पोरीला. सासूबाईंनी त्याचा अर्थ लावला तो असा, “बघा, म्या सांगत हुते का न्हाय? नजर शिरली!”

माझी पोर त्या वैशाखात अंगणभर पळत होती.

मग मान घ्यायला माणसं आली. पहिला मान आसरांचा. दुसरा सासूबाईंचा, त्यांच्या माहेरची रीत म्हणून शेजारच्या गावांतूनही बायका विचारायला यायला लागल्या, आणि त्या पाट मांडून सांगायच्या. तिसरा दावेदार सरकारी होता. आदल्या वर्षी तालुक्याहून एक साहेब घोड्यावरून आला होता आणि नारूपासून कसं वाचावं याची एक पाटी बारवेच्या तोंडाशी लावून गेला होता. पाटी उर्दूत होती. ती वाचू शकणारा माणूस गावात एकच, पटवारी, आणि त्याचा स्वतःचा पाय त्या वर्षी पाण्यात होता. साहेब पुन्हा आला, चहा घेतला, लेकरांत नारू कमी झाला हे ऐकून पाटीकडं समाधानानं पाहिलं आणि वहीत काहीतरी लिहून नेलं. सासरे लंगडत त्याला पोचवायला गेले.

अक्काचं नाव कुणी घेतलं नाही. मी घ्यायला हवं होतं. सासूबाई पाटावर बसून माहेरची रीत सांगत तेव्हा मी तिथंच भाकरी थापत असायचे. भाकरी थापत राहिले. उलट अक्काच्या दारावरून जाताना सासूबाई पोरीच्या तोंडावर पदर टाकायच्या. तिची नजर लागू नये म्हणून. अक्काची!

पुढं मोगलाई मोडायच्या वेळची ती धामधूम आली. रोज कुठं लूट, कुठं जाळपोळ असं ऐकू येई, वाण्या-उदम्यांची घरं रिकामी होऊ लागली. एके सकाळी अक्काच्या दुकानाला कुलूप आणि दारात सामान लादलेली गाडी. ती गाडीत बसलेली मला आमच्या दारातून दिसली. सासूबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या. अक्कानं माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या पायाशी खेळणाऱ्या पोरीकडं, तिच्या पायांकडं. तिनं मान हलवली, चांगलं आहे म्हटल्यासारखी. मी काही बोलले नाही. गाडी सोलापूरच्या वाटेला लागली.

आता आम्ही पोटासाठी आणखी लांब आलो आहोत, वऱ्हाडातल्या एका गिरणीच्या चाळीत. इथं सगळं परकं. पाणी नळाचं आहे, तरी मी ते गाळते. शेजारणी हसतात, त्यांना मी हसू देते. पोर चौथीत आहे; माझ्यापुढं एक इयत्ता गेली. भागाकार करते. शाळेच्या मैदानात पळते तेव्हा मी कुंपणाबाहेर उभी राहून तिचे गुडघे बघते, अजून.

अक्का सोलापुरात आहे, तिच्या मुलानं तिथं दुकान घातलं आहे, एवढं मला एका ओळखीच्याकडून कळलं. पत्ता नाही. पण कानडी वस्तीत विचारत गेलं तर सापडेल. ह्यांना गिरणीची लागोपाठ सुट्टी मिळाली की एकदा मी जाणार आहे. पोरीला तिच्या पायावर घालीन. आणि दुकानात जितकी गिऱ्हाइकं असतील तितक्यांच्या देखत मोठ्यानं सांगेन की तुम्ही मला बोलावलं नव्हतं अक्का, मीच तुमच्या दारात आले होते, आणि ती रीत ना आसरांची ना कुणाच्या माहेरची, ती तुमची होती. त्या वेळी जीभ टाळूला चिकटली तर चिकटू दे. चिकटल्या जिभेनं सांगेन, पण सांगेन. जगले-वाचले तर हे मी करणार.